आगळाच्या फळीवरची बाटली

सोनूबाईला कुणी सहज "जेवलीस काय गो?" म्हणून विचारलं, तर ती आधी मनात म्हणायची, हिला माझ्या जेवणाशी काय करायचंय. मग उत्तर द्यायची, तेही अर्धंच. देवरूखपासून वर डोंगराच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत तिचा हा स्वभाव सगळ्यांना पाठ होता. बांगडे घेताना कल्ले उघडून सगळ्याच बायका बघतात. सोनूबाई कल्ले बघायची, मासा दाबायची, मग विकणारीचं तोंड नीट न्याहाळायची आणि तिनं वर मांडलेला सोडून तळातला उचलायची. गॅसचा सिलिंडर आला की हलवून बघायची. मुंबईहून कुणी मिठाई आणली की खोक्यावरची तारीख दुसऱ्याकडून वाचून घ्यायची. आणि एसटीचा कंडक्टर हसून बोललाच, तर पिशवी उचलून मांडीवर घ्यायची.

यात वावगं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही. आई लहानपणीच गेली, सावत्र आईच्या हाताखाली वाढली, लग्न झालं तर नवरा भागोजी तिकडे मुंबईत छापखान्यात. इकडे सासू, दीर आणि बांधाला बांध लागून बसलेले भाऊबंद. आपण डोळे मिटून राहिलो असतो तर लोकांनी अंगणातली मातीसुद्धा उचलून नेली असती, असं ती म्हणायची, आणि त्यात खोटं फार नव्हतं. संशयानंच तिचा संसार राखला होता. पण राखणीचा कुत्रा पुढे पुढे घरच्यांवरही गुरगुरायला लागतो, तसं तिचं झालं, आणि त्याला आवरील असं घरात कुणी नव्हतं.

भागोजी तर नाहीच. तो मुंबईहून कायमचा घरी आला तोच मवाळ होऊन. दोघांच्या संसारात बोलायचं काम तिच्याकडे आणि ऐकायचं त्याच्याकडे, अशी वाटणी झालेली होती. काही लपवायचं झालं की तो सरळ लपवायचा, सांगत बसायचा नाही. तंबाखूची पुडी कौलात, जत्रेत घेतलेला टॉर्च भाताच्या कणगीमागे. ती शोधून काढायची, तो हसायचा, आणि पुढच्या वेळी जागा बदलायचा.

मुलगा गौरव लोट्याला केमिकल कंपनीत. तिथेच खोली करून राहायचा, साप्ताहिक सुट्टीला घरी यायचा. त्याची बायको राजश्री मात्र सासू-सासऱ्यांजवळ गावात. ती दाभोळची, खाडीकाठची. कामाला वाघीण, बोलायला कमी. सोनूबाईचं म्हणणं, एवढी गप्प पोर म्हणजे हिच्या मनात कायतरी असणार. बडबडी असती तर म्हणाली असती, एवढी बोलतेय म्हणजे कायतरी झाकतेय. सुनेला सुटका कुठूनच नव्हती. गौरवच्या कंपनीनं एकदा कामगारांच्या घरच्यांसाठी सुरक्षेचा कार्यक्रम ठेवला होता. राजश्री गेली आणि येताना स्टीलचा डबा बक्षीस घेऊन आली. सोनूबाई गेली नाही. फुकट जेवण देऊन कायतरी गळ्यात मारतात, असं तिचं ठाम मत होतं. त्या डब्यात तिनं कधी काही भरलंसुद्धा नाही.

अख्ख्या घरात सोनूबाईचा विश्वास फक्त एका गोष्टीवर होता, तिनं स्वतः केलेल्या आगळावर. उन्हाळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून मीठ घालून जो दाट लालभडक रस उतरतो, तो ती गाळून, उन्हात वाळवलेल्या बाटल्यांत भरायची आणि पडवीतल्या फळीवर ओळीनं मांडायची. त्यातल्या काही बाटल्या गणपतीला आलेल्या मुंबईकरांबरोबर जायच्या, बाकीच्या घरात. बाटल्या सगळ्या एका मापाच्या, दारूच्या दुकानातून आणून राखेनं घासलेल्या. त्या फळीकडे तिनं कधी वळून बघितलं नाही. आपण केलेलं आपणच तपासायचं, हे तिला सुचणार तरी कसं?

दसरा होऊन गेला होता, भातकापणी जोरात होती. ऊन असं की डोक्यात भात शिजावा. भागोजी दुपारी मळ्यातून आला, छातीत जळजळ होत होती. अशा वेळी त्याची एक खोड होती. आगळ पाण्यात न घालता, बाटलीच तोंडाला लावून एक घोट घ्यायचा. सोनूबाई त्यावरून त्याला नेहमी बोलायची. तो पडवीत गेला, हात फळीवर गेला, आणि त्यानं घोट घेतला.

सोनूबाई चुलीपाशी होती. आधी काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग घशात गुदमरल्यासारखा. धावत गेली तर भागोजी भिंतीला धरून वाकलेला, तोंडातून लाळ, ओठ पांढरे. बाटली फळीवर आडवी झाली होती. तिच्यातलं लाल पाणी खाली कोब्यावर ठिबकत होतं, आणि जिथे पडत होतं तिथे फसफसून फेस येत होता.  सोनूबाईला एक गोष्ट ठाऊक होती, जी त्या डोंगरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. पोटात इख गेलं की ओकवून काढायचं. तिनं तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ कालवलं, भागोजीचं डोकं धरलं आणि त्याच्या घशात ओतलं. तो ओकला. ओकताना असा कळवळला की सोनूबाईच्या अंगावर काटा आला. तरी तिनं दुसऱ्यांदा तांब्या उचलला.

तेवढ्यात राजश्री अंगणातून आली. तिनं फेस बघितला, नाक पुढे करून वास घेतला, आणि पुढे होऊन सासूच्या हातातल्या तांब्यावर असा फटका मारला की तांब्या उडून उंबऱ्यावर आदळला.

"ओकवू नका आई. ॲसिड हाय. वर आलं की परत जाळतं."

सोनूबाई बघतच राहिली. सुनेनं सासूच्या हातावर मारलं, तेही सासरा मरायला टेकलेला असताना. राजश्रीनं भागोजीला बसतं केलं, साध्या पाण्यानं चूळ भरायला लावली, गिळू दिलं नाही, भिजलेला सदरा काढून टाकला. मग त्या बाटलीला बूच घट्ट लावलं, ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि रिक्षाला फोन केला. सोनूबाईनं दूध आणलं, तेही दिलं नाही. अंड्याचा पांढरा बलक आणला, तोही नाही.

रिक्षात बसल्या बसल्या सोनूबाईच्या डोक्यात गिरणी सुरू झाली. ॲसिड हाय हे हिला वासावरून कळलं कसं? ओकून टाकू नये असं हिला का वाटलं? घरात माणूस पडलेला, आणि हिनं आधी बाटली का उचलली? एकेका प्रश्नाला तिनं स्वतःच उत्तर दिलं, आणि रिक्षा डांबरी रस्त्याला लागेपर्यंत तिचं सगळं ठरलं होतं.

देवरूखच्या दवाखान्यात सलाईन लावून त्यांनी रत्नागिरीला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. चष्म्याआडून थेट बघून बोलणारी. तिनं पहिलाच प्रश्न केला, "काय प्यायलेत, बाटली आणलीय?" राजश्रीनं पिशवी पुढे केली. दुसरा प्रश्न, "उलटी झाली?"

"नाय," सोनूबाई म्हणाली.

"एकदा झाली," राजश्री म्हणाली. "मीठपाण्यानं."

सोनूबाईनं सुनेकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर तिथेच बसली असती. डॉक्टरीणबाईनं फक्त लिहून घेतलं.

त्याच दिवशी दुर्बीण घालून आत बघितलं. जीभ, घसा, अन्ननलिका, जठराचं वरचं तोंड, सगळं पोळलं होतं. अन्ननलिका मधल्या भागात फार. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाली, तोंडातून काहीही द्यायचं नाही. पाणी नाही, दूध नाही, देवाचं तीर्थसुद्धा नाही. उतारा म्हणून लोक सोडा देतात, लिंबू देतात, तेही नाही, त्यानं आत आणखी उष्णता होते. छातीत कळ आली, ताप आला, पोट ताठरलं तर लगेच सांगायचं, कारण भाजलेली नळी फाटू शकते. तोवर सलाईन. मग पोटाला छोटं भोक करून आतड्यात नळी बसवायची, आणि जेवण तिथून.

"पोटातून जेवण?" सोनूबाई म्हणाली. "माणूस हाय की सायकलची ट्यूब?"

अशी केस आली की पोलिसांना कळवावंच लागतं. एक हवालदार आला, व्हरांड्यातल्या बाकावर बसला आणि घरात भांडणं होती का, कुणाशी वैर होतं का, असं विचारायला लागला. सोनूबाई म्हणाली, "मी कुणाचा नाव घेत नाय. पण बाटली कुणी उचललान, मिठाचा पाणी कुणी सांडलान, ता तुम्हीच इचारा." नाव न घेता याहून स्वच्छ नाव कुणी घेतलं नसेल. मग हवालदार राजश्रीपाशी गेला आणि बराच वेळ तिच्याशी बोलत बसला. ती जेवढ्यास तेवढं बोलली. भागोजीला बोलता येत नव्हतं. चूक झाली का, असं हवालदारानं विचारल्यावर त्यानं मानेनं हो म्हटलं. कुणी मुद्दाम दिलं का, तर मानेनंच नाही म्हणाला. हवालदाराचं काम झालं. सोनूबाईचं नाही झालं. ती नवऱ्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "चूक, ती ठीक हाय. पण ती बाटली फळीवर ठेवलान कुणी?" भागोजीनं डोळे मिटून घेतले. सोनूबाईनं त्याचा अर्थ लावला की बिचारा सुनेच्या धाकानं गप्प आहे.

लोट्याहून गौरव धावत आला. आईनं त्याला कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं, आणि पोरगं दोन दगडांच्या मधे सापडलं. त्यानं राजश्रीला फक्त एवढंच विचारलं, "तुला खरंच कायच माहीत नाय?" राजश्रीनं त्याच्याकडे बघितलं आणि वॉर्डातल्या बादलीत सासऱ्याचे कपडे पिळायला घेतले. त्या दिवसापासून नवरा-बायकोतही कामापुरतंच बोलणं उरलं.

पोटाला नळी घेऊन भागोजी घरी आला. आता घरात नवीन काम सुरू झालं. तांदळाची पेज, डाळीचं पाणी, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, दुधाची पावडर, सगळं मिक्सरला लावायचं, फडक्यानं गाळायचं, कोमट करायचं आणि मोठ्या सिरिंजनं नळीत हळूहळू सोडायचं. आधी आणि नंतर कोमट पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. भागोजीला टेकवून अर्धवट बसवायचं. हे सगळं दवाखान्यातल्या सिस्टरनं दोघींनाही दाखवलं होतं. सोनूबाईचं सगळं लक्ष सिस्टर काय लपवते याकडे होतं, त्यामुळे ती काय दाखवते ते राहून गेलं. हात राजश्रीचाच बसला.

म्हणून सोनूबाईनं आपला बंदोबस्त केला. प्रत्येक वेळी भांडं पुढे आलं की ती आधी त्यातला चमचाभर स्वतः प्यायची. ते बेचव, कोमट, अंड्याचा वास मारणारं पाणी ती गिळायची, राजश्रीच्या तोंडाकडे बघत थांबायची, आणि आपल्याला काही होत नाही अशी खात्री पटली की म्हणायची, "घाल आता."  पुढे पुढे तर राजश्री सासूचा चमचा आधीच काढून ठेवायला लागली. सोनूबाईला वाटलं, बघा, किती तयारी हाय.

भागोजी वाळत चालला होता. गालफडं बसली. आवाज थोडा परत आला होता, पण कुजबुजल्यासारखा. घरात भात चढला की तो वासाकडे तोंड करायचा. सोनूबाईला ते बघवायचं नाही. इतकी वर्षं ज्या माणसाला आपण वाढलं, त्याच्या तोंडात घास नाही आणि आपण शेजारी बसून जेवतोय, याचं तिला खरोखर रडू यायचं. रडू आलं की राग यायचा, आणि राग आला की तिला राजश्री दिसायची. तोंड बंद ठेवायचं म्हणे. असं कुठं असतं? एवढे दिवस घसा भाजलेला राहतो? जेवला तर उभा राहील, बोलेल, आणि सगळं सांगेल. म्हणून तर हिला त्याला जेवू द्यायचं नाय.

देवदिवाळीला राजश्रीच्या भावानं तिला माहेरी बोलावलं. जाताना तिनं चार वेळा सांगितलं, "आई, पेज नळीतूनच. पुढच्या आठवड्यात घशाखालची भाजलेली नळी ताणायला न्यायचंय, तोवर तोंडातून कायच नको." सोनूबाईनं हो म्हटलं. सून गाडीत बसलेली तिनं स्वतः जाऊन बघितली. मग घरी येऊन चूल पेटवली.

कुळथाची पिठी केली, आसट भात केला, चांगला कुस्करला, वर तुपाचा थेंब. भागोजीला उठवून बसवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं घशाकडे बोट केलं आणि मान हलवली.

"तिनं शिकवलंन तुम्हाला," सोनूबाई म्हणाली. "अवो, मी हाय. माझ्या हातचा हाय."

बायकोला नाही म्हणण्याची सवय त्या माणसाला कधीच नव्हती. भुकेपुढे तर देवही वाकतो, भागोजी कोण. त्यानं तोंड उघडलं. पहिला घास कसाबसा गेला. सोनूबाईला असा आनंद झाला की तिनं दुसरा लागलीच भरवला, मग तिसरा. तिसऱ्याला भागोजी थांबला. छाती धरली. गिळलेलं खालीही जाईना, वरही येईना. थुंकीसुद्धा उतरेना, तोंडातून नुसती लाळ गळायला लागली, आणि तो सोनूबाईकडे बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता. आता काय करतेस, एवढंच होतं.

आता काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. पाणी द्यावं की पाठीत मारावं, ओकवावं की आडवं करावं? हात मिठाच्या बरणीकडे गेला आणि तिथेच थांबला. ज्या एका माणसाला हे ठाऊक होतं, ती दाभोळच्या वाटेवर होती. सोनूबाईनं तिला फोन लावला.

"पाणी देऊ नका, ओकवू नका, बसतंच ठेवा आणि रत्नागिरीला न्या," राजश्री पलीकडून म्हणाली. "मी तिथंच येते." का दिलंत, असं तिनं विचारलं नाही.

दुर्बिणीतून तो भाताचा गोळा काढला. डॉक्टरीणबाई बाहेर आली ती लालबुंद होऊन.

"आजी, भाजलेली जागा भरून येताना आवळत जाते. त्यांच्या अन्ननलिकेत आता पेन्सिल जाईल एवढीसुद्धा वाट नाही. नळी फाटली असती तर आज मी तुमच्याशी बोलत नसते."

 जे इतके दिवस मनात होतं ते सोनूबाईनं विचारून टाकलं. डॉक्टर लोकांवरही तिचा विश्वास नव्हता, पण ही बाई रागावली होती, आणि रागावलेलं माणूस खोटं बोलत नाही असं तिचं एक मत होतं. "बाई, सुनेनं तेव्हा ओकू दिलान नाय. बाटली उचललान. ता कशाला?"

"कशाला म्हणजे? तेच करायचं असतं. बाटली नसती तर काय प्यायलेत हे शोधण्यात आमचा वेळ गेला असता. आणि जी एक उलटी झाली, तिनं जेवढं जाळायचं तेवढं जाळलंच. आणखी झाल्या असत्या तर काय राहिलं असतं? तिनं थांबवलं म्हणून निभावलं."

ती एक उलटी कुणी काढली, ते डॉक्टरीणबाई बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती. सोनूबाई वॉर्डात गेली. भागोजी उशीला टेकून होता. ती स्टुलावर बसली, पदरानं तोंड पुसलं, आणि सबंध आयुष्यात जेवढं हळू बोलली नसेल तेवढं हळू बोलली.

"मग ती बाटली ठेवलान कुणी?"

भागोजीनं या वेळी डोळे मिटले नाहीत. "मी," तो कुजबुजला.

श्रावणात सोनूबाई विहिरीत उतरायच्या पायठण्यांवर शेवाळावरून घसरली होती. शेजारचा रावजी लोट्याला कंत्राटी कामाला. त्याच्याकडून भागोजीनं बॉयलरचे पाइप धुवायचं लाल पाणी मागून घेतलं, शेवाळ काढायला. कंपनीतलं असं काही घरात आणलेलं सोनूबाईला चालत नव्हतं. दिसलं असतं तर तिनं सगळी वाडी उलटी केली असती, आणि रावजीचं काम गेलं असतं. म्हणून त्यानं ते आगळाच्या रिकाम्या बाटलीत भरून फळीवर मागे सरकवलं.

"आगळात का पण?"

"तिथं तू बघत नाय," भागोजी म्हणाला. "तेवढीच एक जागा हाय घरात."

गणपतीला पुढच्या बाटल्या मुंबईला गेल्या, मागची पुढे आली, आणि कापणीच्या घाईत तो स्वतःच विसरला. बाटल्या सारख्या, रंग सारखा. सोनूबाई ऐकत होती. तिला आधी संताप आला, खरा संताप. पोरीला मी रोज टोचत होते, पोरगा तिच्याशी बोलेनासा झाला, आणि तुम्ही उशीला टेकून ऐकत होतात? भागोजीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. आवाज आला तेव्हाच राजश्रीला सांगितलं होतं, तो म्हणाला. तिला शपथ घातली होती. तुला सांगणार होतो, रोज सांगणार होतो, पण तुझं तोंड बघून धीर होत नव्हता.

राजश्री बाहेर नळावर सिरिंज धूत होती. दाभोळहून निघाली ती तशीच आली होती, माहेरच्या पिशवीसकट. सोनूबाई तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

"तुला ठावं व्हता. मना का नाय सांगितलंस?"

राजश्रीनं नळ बंद केला. "सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतंत?"

 आपण काय बोललो असतो ते सोनूबाईला शब्दन् शब्द ठाऊक होतं. मेली आजारी माणसावर ढकलते, असं म्हटलं असतं.  राजश्री सिरिंज झटकून आत गेली, आणि सोनूबाई नळापाशी एकटीच उभी राहिली. तिला लाज वाटली. अशी लाज, की वर बघावंसं वाटेना. संध्याकाळी गौरव लोट्याहून आला तेव्हा त्याला सगळं तिनंच सांगितलं, भागोजीला सांगू दिलं नाही. गौरव उठला आणि बायकोपाशी जाऊन बसला.

पुढे अन्ननलिका ताणण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. तारेवरून एक निमुळती सळई आत सरकवायची, वाट थोडी रुंद करायची, काही दिवसांनी पुन्हा. ताणलं की बरं वाटायचं, मग परत आवळायचं. आंब्याला मोहर आला, कैऱ्या धरल्या, तरी फेऱ्या चालूच. हे वर्षभरही चालेल, डॉक्टरीणबाईनं सांगितलं. सोनूबाई प्रत्येक फेरीला बरोबर जायची आणि बाहेर बसायची. तिचा स्वभाव काही बदलला नाही. सळई धुतलेली आहे का, असं तिनं एकदा विचारलंच. पण राजश्रीकडे बघताना तिची नजर आता खाली जायची.

आणि मग एक दिवस डॉक्टरीणबाई म्हणाली, आता पातळ पेज तोंडातून सुरू करा. थोडी थोडी, बसवून, घाई नको.

सोनूबाईनं पेज स्वतः केली. दोनदा गाळली. भागोजीला पडवीत बसवलं, वाटी घेऊन समोर बसली, चमचा भरला आणि त्याच्या तोंडाजवळ नेला.

भागोजीनं तोंड उघडलं नाही.

त्यानं आधी चमच्याकडे बघितलं, मग सोनूबाईच्या तोंडाकडे, नीट न्याहाळून. मग तिच्या खांद्यावरून त्याची नजर मागे गेली, स्वयंपाकघराच्या दारात राजश्री उभी होती तिकडे. हे घेऊ का, असं तो सुनेला विचारत होता. नवऱ्याच्या तोंडावरचा तो भाव सोनूबाईनं लगेच ओळखला. आयुष्यभर तिनं लोकांकडे तसंच बघितलं होतं. तिच्याकडे मात्र तसं आजवर कुणी बघितलं नव्हतं. चमचा कलला आणि थोडी पेज भागोजीच्या सदऱ्यावर सांडली. तिनं ती पुसली.

रागावून वाटी खाली ठेवावी, असं क्षणभर तिला वाटलं. मग ती तशीच बसून मागे वळली.

"राजश्री," ती म्हणाली, "किती देऊ गो?"

राजश्री जवळ आली, वाटीत बघितलं, बोटानं पेज किती कोमट आहे ते बघितलं. "अर्धाच चमचा. पुरता गिळलेला दिसला की मगच दुसरा."

सोनूबाईनं चमच्यातली अर्धी पेज परत वाटीत सोडली. भागोजीनं तोंड उघडलं. पेज आत गेली, कंठमणी वर झाला, थांबला, आणि खाली आला. सोनूबाई चमचा हातात धरून, सून पुढचं काय सांगते त्याची वाट बघत बसली.